मराठी पुस्तकांसाठी ई-रीडर घ्यावा की कागदच बरा? तुम्ही काय कशावर वाचता?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : वर्षाला वीसेक मराठी पुस्तकं वाचून होतात, घरात आता फळी रिकामी नाही, मोबाईलमध्ये उतरवून ठेवलेल्या दोन-तीनशे पीडीएफ तशाच पडून आहेत, म्हणून सहा इंची ई-रीडर (कागदासारख्या पडद्याचं, फक्त पुस्तकं वाचायचं यंत्र) घ्यायचा विचार आहे.

घ्या, पण त्या पीडीएफसाठी घेऊ नका. बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो आणि महिन्याभरात यंत्र कपाटात जातं. मग ‘शेवटी पुस्तकाला कागदाचाच वास हवा’ वगैरे सुरू होतं. वासाचा काही संबंध नसतो, फाइल चुकीची असते.

आधी साधं गणित बघा. मराठी कादंबरी सहसा डेमी आकारात छापतात, म्हणजे पान साडेपाच बाय साडेआठ इंच. सहा इंची पडदा म्हणतात तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा. प्रत्यक्षात तो साधारण ३.६ बाय ४.८ इंच असतो. डेमीचं अख्खं पान त्यात बसवलं की ते ५६ टक्क्यांवर येतं. मूळ १२ पॉइंटचं अक्षर पावणेसात पॉइंटचं होतं. इंग्रजी त्या आकारात कसंबसं वाचता येतं. देवनागरीत शिरोरेघेच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरं अशी तीन मजली रचना असते. सगळ्यात आधी वरचा आणि खालचा मजला पुसला जातो. समास कापून टाकले तर अक्षर सव्वाआठ पॉइंटपर्यंत येतं. पडदा आडवा केला तर ते मूळ छपाईपेक्षा किंचित मोठंच दिसतं, पण एका पानासाठी तीनदा सरकावं लागतं.

म्हणून कुठलीही पीडीएफ वाचायला घेण्याआधी मी एक चाचणी करतो. एखाद्या शब्दावर बोट दाबून धरायचं, तो कॉपी करायचा आणि नोट्समध्ये चिकटवायचा. यातून तीन प्रकार निघतात.

काहीच निवडलं गेलं नाही तर ते स्कॅन आहे, म्हणजे पानांचे फोटो. इंटरनेट अर्काइव्ह या मोफत ऑनलाइन ग्रंथालयातली जुनी मराठी पुस्तकं जवळजवळ सगळी अशीच आहेत. (तिथल्या काही फाइलींत फोटोखाली यंत्राने ओळखलेला मजकूर दडवलेला असतो, तो निवडला जातो, पण त्यात इतक्या चुका असतात की ती फाइल स्कॅनच धरा.) रोमन अक्षरांचा गिचमिडा चिकटला तर पुस्तक युनिकोडच्या (सगळ्या यंत्रांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरसंकेताच्या) आधीच्या एखाद्या फाँटमध्ये जुळवलेलं आहे, आपल्याकडे डीटीपीत ही पद्धत वर्षानुवर्षं चालली. आणि मराठीच चिकटलं पण ‘किती’ची वेलांटी शेजारच्या अक्षरावर गेली, रफार सुटा पडला, तर फाइल युनिकोड आहे, फक्त पीडीएफमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवली गेली आहेत. तिन्ही प्रकारांत कॅलिबर या फाइलींचं रूप बदलणाऱ्या प्रोग्रॅममधून सरळ ईपब (अक्षर लहान-मोठं केलं की ओळी नव्याने जुळतात अशी ई-पुस्तकाची फाइल) करायला गेलात तर हाती खिचडी येते. कॅलिबर वाईट नाही. ते जे आहे तेच उचलतं.

स्कॅनसाठी चालणारे उपाय दोन. ब्रिस नावाचा मोफत प्रोग्रॅम सगळी सम पानं एकावर एक आणि विषम पानं एकावर एक ठेवून दाखवतो. मजकुराभोवती चौकट आखली की शेकडो पानांचे समास एका फटक्यात कापले जातात. सम-विषम वेगळं ठेवायचं कारण शिवणीकडचा समास मोठा असतो आणि तो आलटून-पालटून डावी-उजवीकडे येतो. दुसरा उपाय केटूपीडीएफऑप्ट. तो पानाच्या चित्रातले शब्द सुटे करून अरुंद पडद्यावर नव्याने ओळी रचतो. अक्षर ओळखायच्या भानगडीत तो पडत नाही, फक्त मोकळी जागा बघतो; आणि शिरोरेघेमुळे आपला शब्द एकसंध असल्याने त्याचं काम सोपं होतं. फसतो तो जिथे शब्दांत अंतर कमी आहे, शिरोरेघ तुटक उमटली आहे किंवा पान वाकडं स्कॅन झालं आहे तिथे. आधी दहा पानांवर करून बघा, मग पूर्ण पुस्तकावर.

मजकूर ओळखून नवीन ईपब बनवण्याचा रस्ताही आहे. टेसरॅक्ट या अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मराठीची सोय आहे, गूगल ड्राइव्हमधूनही होतं. पण जुन्या खिळ्यांच्या छपाईत ध-घ, भ-म, ब-व आणि गळालेले अनुस्वार हाताने दुरुस्त करावे लागतात. पुन्हा पुन्हा लागणारं पुस्तक असेल तरच इतका खटाटोप करावा.

आता विकत मिळणारी ई-पुस्तकं. किंडलवर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या ई-रीडरवर, मराठी पुस्तकं २०१६च्या अखेरीपासून मिळतात. तरी विकत घेण्याआधी नमुना उतरवाच आणि अक्षराचा आकार दोन पायऱ्या वाढवून बघा. ओळी नव्याने जुळल्या तर ते खरं ई-पुस्तक. पान नुसतं मोठं झालं तर पीडीएफच वेष्टनात घालून विकली जाते आहे. फाइलचा आकारही चुगली करतो : निव्वळ मजकुराची कादंबरी सहसा काही एमबीतच मावते, चाळीस-पन्नास एमबीची निघाली तर आत चित्रं आहेत. मग नमुन्यात ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘विद्यार्थ्यांनी’, ‘कर्तृत्व’ असे शब्द शोधा. ‘दुसऱ्या’ चुकून ‘दुसर्या’सारखं दिसत असेल तर मुद्रितशोधन झालेलं नाही, आणि पुढे अडीचशे पानं ते टोचत राहील.

विक्रेत्यांच्या बाबतीत एक मेख आहे. काही मराठी ई-पुस्तकं फक्त त्या-त्या विक्रेत्याच्या अ‍ॅपमध्येच उघडतात, म्हणजे फोनवर किंवा टॅबवर; किंडलवर ती जाणारच नाहीत. त्यांच्यासाठी अँड्रॉइडवर चालणारा ई-इंक (ई-रीडरसारख्याच पडद्याचा) टॅब लागतो. तेव्हा पुढच्या वर्षीच्या वीस पुस्तकांची यादी आधी करा आणि प्रत्येक कुठे, कोणत्या रूपात मिळतं ते बघा. निम्मी जरी खऱ्या ई-पुस्तकाच्या रूपात मिळत असली तर सहा-सात इंची यंत्र घ्या. यादीत स्कॅनच जास्त असतील तर १०.३ इंची घ्यावं लागेल. त्याचा पडदा सुमारे ६.२ बाय ८.२ इंच, त्यावर डेमीचं पान जवळजवळ मूळ आकारात बसतं. आणि बरीचशी फक्त छापीलच मिळत असतील तर यंत्राचे पैसे वाचनालयाच्या वर्गणीत घाला. फळीचा प्रश्नही सुटतो.

यंत्र घेतलंत तर मराठीसाठी एवढं करा. ओळींचा मजकूर दोन्ही बाजूंनी समान न करता फक्त डावीकडून जुळवा. आपण प्रत्यय शब्दाला जोडून लिहितो, त्यामुळे ‘विद्यार्थ्यांच्यासुद्धा’सारखे लांबलचक शब्द येतात, अरुंद पडद्यावर एका ओळीत चार-पाचच शब्द मावतात आणि दोन्ही कडा समान केल्या की मधे खिंडारं पडतात. ओळींतलं अंतर मधल्यापेक्षा एक पायरी जास्त ठेवा. शिरोरेघांच्या फिकट सावल्या मागे राहत असतील तर प्रत्येक पानाला पडदा ताजा करण्याची सोय चालू करा. किंडलमध्ये यूएसबीने ‘फाँट्स’ फोल्डरात हवा तो फाँट टाकता येतो. पाकळीचा ल आणि देठाचा श हवा असेल तर तिरो देवनागरी मराठी हा मोफत फाँट छान आहे. हिंदी वळणाचा ल-श काहींना चालतो, मला पानापानाला खटकतो. ईपब किंडलवर यूएसबीने टाकली तर उघडत नाही, ‘सेंड टू किंडल’ या अ‍ॅमेझॉनच्या सेवेने पाठवावी लागते.

माझी वाटणी अशी आहे. कादंबऱ्या, कथा, प्रवासवर्णनं आणि एकदाच वाचायची चरित्रं ई-रीडरवर. कोश तर स्क्रीनवरच : मोल्सवर्थ आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात, मराठी विश्वकोशही ऑनलाइन आहे, जाडजूड खंड उचलून पानं उलटण्यात आता अर्थ नाही. कविता मात्र कागदावर, कारण सहा इंचांवर ओळ मोडते आणि कवीने कुठे तोडली नि यंत्राने कुठे ते कळेनासं होतं. सार्थ ज्ञानेश्वरीसारखे ग्रंथही कागदावर : ओवी, अर्थ, टिपा यांच्यात सतत मागे-पुढे जावं लागतं, तेव्हा दोन बोटं दोन पानांत अडकवण्याची सोय अजून कुठल्या यंत्राने दिलेली नाही. दिवाळी अंक कागदावरच. मोठं पान, दोन रकाने, चित्रं, व्यंगचित्रं. पीडीएफमध्ये रकाना संपला की वर जा, पुन्हा खाली या, यातच जीव जातो.

अभ्यासाचं वाचनही कागदावर ठेवतो, आणि याला नुसत्या सवयीपेक्षा भक्कम आधार आहे. डेल्गादो आणि सहकाऱ्यांनी २०१८मध्ये ५४ अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा आकलनात कागद थोडा पुढे निघाला. हा फरक माहितीपर मजकुरात दिसला आणि वेळेचं बंधन असताना वाढला. निव्वळ कथात्मक मजकुरात तसा दिसला नाही. त्यामुळे स्पर्धा परीक्षेची तयारी चालू असेल तर छापील प्रत घ्या, कादंबरीसाठी मन खाऊ देऊ नका. प्रबंधात संदर्भ द्यायचा असेल तरी छापील आवृत्ती लागतेच, कारण अक्षराचा आकार बदलला की ई-पुस्तकातलं ‘पान’ सरकतं.

हाताला लागणारं वजनही मोजून बघा. ७० जीएसएमच्या (चौरस मीटरला ७० ग्रॅम) कागदावरच्या ३०० पानी डेमी पुस्तकात १५० पत्रं, म्हणजे नुसता कागदच ३१५ ग्रॅमच्या आसपास; ६०० पानी असेल तर सहाशेच्या पुढे, वर पुठ्ठा वेगळा. लहान ई-रीडर १५० ते २२० ग्रॅमचा. लोकलमध्ये एका हाताने कडी धरून उभं असताना किंवा आडवं पडून वाचताना हा फरक मनगटाला लगेच कळतो. रात्री मी ई-रीडरचा उजेड अगदी कमी ठेवतो, किंडलच्या २४ पायऱ्यांपैकी चार-पाच. फोनवर लेख वाचतो, पुस्तक नाही. तिथे मन उडवायला पुस्तकाबाहेरच्या फार गोष्टी असतात.

जी पुस्तकं घरात ठेवणार, त्यांची बांधणी बघून घ्या. पाठीच्या वरच्या टोकाशी नीट पाहिलं की दुमडलेल्या फर्म्यांच्या लहान-लहान वह्या दिसतात. तशा दिसल्या आणि वहीच्या मधोमध दोराही दिसला तर शिवण आहे, ते पुस्तक दशकं टिकेल. सुटी पानं नुसत्या गोंदावर चिकटवलेली असतील तर पूर्ण उलटं पाडून वाचू नका, गोंद तडकतो आणि मधला गठ्ठा बाहेर येतो. मुंबई-कोकणात पावसाळ्यात कपाट भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढा आणि फळ्या गच्च भरू नका, हवा खेळली पाहिजे. कसर लागली तर पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधा आणि दोन आठवडे उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण दिवसभर पिशवी उघडू नका, नाहीतर थंड कागदावर दव धरतं. बुरशीवर हा उपाय चालत नाही. ती आधी सावलीत वाळवून मग गॅलरीत मऊ ब्रशने झाडावी, नाकाला फडकं बांधून.