पोर्ट्रेट दाखवलं की प्रत्येक फोटोग्राफर वेगळंच सांगतो. नेमकं कुणाचं ऐकायचं?

तुम्ही लिहिलंय त्यावरून अंदाज येतो. खिडकीजवळ बसलेल्या आत्याचा फोटो, ५० एमएमची लेन्स, ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक) पूर्ण उघडं. तो तीन फोटोग्राफर मित्रांना दाखवलात. एक म्हणाला डोळे शार्प नाहीत, दुसरा म्हणाला ८५ एमएमची, म्हणजे जास्त जवळचं दाखवणारी, लेन्स घे, तिसऱ्याला मागचं कपाट खटकलं. आणि आता तुम्हाला तो फोटो बघावासाच वाटत नाही.

माझ्या मते तिघांचंही ऐका, फक्त तिघांच्या बोलण्याला एकच वजन देऊ नका. पहिल्याचं म्हणणं तपासून बघता येतं. दुसऱ्यानं बिघाड न सांगताच उपाय सांगितलाय. तिसऱ्यानं नुसतं बोट दाखवलंय, आणि बोट दाखवणारा माणूस पुष्कळदा सगळ्यात उपयोगाचा असतो.

आधी डोळे, कारण तिथे मतभेदाला जागाच नाही. फोटो १०० टक्के झूम करा आणि कॅमेऱ्याच्या जवळ असलेल्या डोळ्याच्या पापण्या बघा. पापण्या धूसर पण कानापाशी आलेले केस स्वच्छ असतील, तर फोकस मागे गेलाय. नाकाचं टोक स्वच्छ असेल तर पुढे आलाय. फ्रेममधलं काहीच शार्प नसेल आणि सगळं एका दिशेनं ओढल्यासारखं दिसत असेल, तर फोकस बिचारा निर्दोष आहे, तुमचा हात हललाय. मागचं कपाट शार्प आणि आत्याच तेवढी ओढल्यासारखी दिसत असेल तर ती हलली. या दोन्हींवर शटर स्पीड वाढवणं, म्हणजे शटर कमी वेळ उघडं ठेवणं, हाच इलाज. बसलेल्या माणसालाही मी सेकंदाच्या १/१२५ च्या खाली सहसा जात नाही. बोलताना, हसताना माणूस वाटतो त्यापेक्षा जास्त हलतो.

आणि उघडं ॲपर्चर किती कमी चूक पोटात घेतं ते एकदा आकड्यांत बघून ठेवा. फुल फ्रेम (३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५० एमएम लेन्स, एफ/१.८ (हा आकडा जितका लहान तितकं ॲपर्चर जास्त उघडं) आणि एक मीटर अंतर असेल, तर शार्प दिसणारा पट्टा चार सेंटिमीटरच्या आसपास असतो. मधल्या बिंदूवर फोकस लॉक करून मग कॅमेरा वळवला, त्यात आत्या जरा पुढे झुकली, की डोळे गेले. एफ/४ ला हाच पट्टा नऊ-साडेनऊ सेंटिमीटरचा होतो. बॅकग्राउंड लोण्यासारखं वितळवायच्या नादात कानही वितळलेली पोर्ट्रेट ढिगानं पडली आहेत. मला ती फारशी आवडत नाहीत, पण हे माझं मत झालं.

आता ८५ एमएम. त्या मित्राला विचारा, ‘८५ नं काय सुधारेल?’ बहुतेक उत्तर येईल की नाक मोठं दिसतंय, चेहरा फुगल्यासारखा वाटतोय. म्हणजे हा बिघाड. आणि तो लेन्सनं झालेला नाही, अंतरानं झालाय. नाकाच्या टोकापासून कानापर्यंतचं अंतर ढोबळमानानं १२ सेंटिमीटर धरा. कॅमेरा नाकापासून ५० सेंटिमीटरवर असेल तर कान ६२ वर असतो, म्हणजे कानाच्या तुलनेत नाक जवळजवळ २४ टक्के मोठं उमटतं. तेच तुम्ही दीड मीटरवर गेलात की हा फरक आठ टक्क्यांवर येतो. लेन्स कुठलीही असो, त्या जागेवरून चेहऱ्याची प्रमाणं तशीच दिसणार. ८५ चा फायदा एवढाच की तिच्यात फ्रेम भरायची तर तुम्हाला आपोआप मागे सरकावं लागतं. तुम्ही ५० घेऊनही मागे सरका आणि नंतर क्रॉप करा, नाक जागेवर येईल. तुमचा कॅमेरा १.५ क्रॉप सेन्सरचा (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) असेल तर ५० ची चौकट तशीही फुल फ्रेमवरच्या ७५ एमएम इतकी असते, मग लेन्सवर पैसे घालायची घाई कशाला? (लेन्स घ्या असं सांगणाऱ्याला खिशाला हात घालावा लागत नाही, हेही लक्षात असू द्या.)

हे एकदा जमलं की बाकीच्या सूचनाही अशाच उलगडता येतात. ‘सॉफ्टबॉक्स (दिव्याचा उजेड मऊ करणारी पेटी) घे’ म्हणजे सावल्यांच्या कडा कडक दिसतायत. मग आत्याला खिडकीच्या आणखी जवळ बसवा किंवा खिडकीवर पातळ पांढरा पडदा ओढा. ‘ब्लॅक अँड व्हाइट कर’ म्हणजे बहुधा त्वचेचा रंग हिरवट-पिवळट झालाय. खिडकीचा उजेड आणि घरातला दिवा एकत्र मिसळले की तसं होतं. दिवा बंद करून बघा.

कपाटाची गोष्ट जरा अवघड. अमेरिकी फोटोग्राफर डोरोथिया लँग यांनी १९३६ साली कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे काढलेला स्थलांतरित आईचा फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. गालाला हात लावलेली आई, दोन्ही बाजूंना तोंड फिरवून बसलेली मुलं. त्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात तंबूच्या खांबाला धरलेला एक अंगठा होता. लँगना तो खटकत राहिला आणि काही वर्षांनी त्यांनी तो निगेटिव्हवरच रिटच करून पुसून घेतला. ज्या सरकारी प्रकल्पासाठी फोटो काढला होता त्याचे प्रमुख रॉय स्ट्रायकर यांना ते मुळीच रुचलं नाही. त्यांच्या दृष्टीनं तो फोटो म्हणजे दस्तऐवज होता आणि त्यात हात घालायचा नसतो. दोघंही जाणकार, दोघंही त्याच अंगठ्याकडे बघतायत, आणि निर्णय उलटे, कारण फोटो कशासाठी आहे याबद्दलच दोघांचं एकमत नव्हतं. तुमचं कपाटही तसंच. फोटो फक्त आत्याच्या चेहऱ्याचा असेल तर कपाट जाऊ दे. तिचं घर, तिचं आयुष्य दाखवायचं असेल तर कपाट राहू दे, उलट ते जरा जास्त स्पष्ट दिसू दे. मित्राला हे ठाऊक नसताना तो बिचारा काय सांगणार?

म्हणून विचारायची पद्धत बदला. ‘कसा वाटला?’ या प्रश्नाला ‘छान’ किंवा चुकांची यादी, याशिवाय तिसरं उत्तर येत नाही. फोटो समोर ठेवा, गप्प राहा आणि आधी एवढंच विचारा: नजर पहिल्यांदा कुठे गेली? मग विचारा, ही बाई कशी असेल असं वाटतं? या दोन उत्तरांनंतर तुमच्या मनात काय होतं ते सांगा, त्याआधी नाही. किती कष्टानं काढला, उजेड कसा जात होता, हे तर सांगूच नका. एकाच बैठकीतल्या तीन-चार फ्रेम शेजारी शेजारी ठेवून ‘यातली कुठली आणि का’ असं विचारलंत तर आणखी बरं, कारण तुलना करताना लोक नेमकं बोलतात. फाइल मेसेंजरवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तिकडे कॉम्प्रेस होऊन पोचलेल्या पापण्यांवर इथे चर्चा चालायची. आणि ‘फोटो काळपट आहे’ असं कुणी म्हणालं तर हिस्टोग्राम (फोटोत काळोख-उजेड किती आहे ते दाखवणारा आलेख) बघा. दोघांच्या स्क्रीनचा ब्राइटनेस वेगळा असतो, त्यामुळे ही तक्रार नेहमीच खरी नसते.

फोटोग्राफरांची एक खोड आहे, माझीही आहे. आम्ही ज्याला नाव देता येतं तेच आधी बघतो. नॉइज (फोटोतले दाणे), कॅचलाइट (डोळ्यातली उजेडाची चमक), फ्रेमच्या कडेला कापलेली बोटं. ब्रिटिश फोटोग्राफर ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना १८६३ च्या डिसेंबरात, वयाच्या ४८ व्या वर्षी, मुलगी आणि जावयानं कॅमेरा भेट दिला. त्यांची पोर्ट्रेट धूसर, काचेच्या प्लेटवर डाग आणि ओरखडे असलेली. त्या काळच्या फोटोग्राफर मंडळींनी त्यावरून त्यांना चांगलंच धारेवर धरलं. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमनं मात्र १८६५ मध्येच त्यांचे फोटो विकत घेतले. डाग होते हे खरंच, टीकाकार खोटं बोलत नव्हते. पण चेहऱ्याबद्दल कुणी काही बोलत नव्हतं. म्हणून फोटो कॅमेरा न धरणाऱ्या एखाद्या माणसालाही दाखवा. आत्याला ओळखणारा असेल तर फारच छान.

खुद्द आत्याचं मत? ते जरूर घ्या, पण ‘मी अशी दिसत नाही’ म्हणाली तर खचू नका. १९७७ साली मिता, डर्मर आणि नाइट यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लोकांना स्वतःच्या फोटोची आरशासारखी उलटवलेली प्रत जास्त आवडली आणि त्यांच्या जवळच्या माणसांना सरळ प्रत. आपण स्वतःला आरशातच पाहत आलेलो असतो ना.

एक मात्र सांगायचं राहिलं. चार लोकांपुढे फोटो टीकेसाठी ठेवायच्या आधी आत्याला विचारलं होतंत का? प्रकाश, फोकस, क्रॉप यांवर कुणी कितीही तासू दे, पण तिच्या वजनावर, रंगावर, दातांवर कुणी घसरलं तर तिथल्या तिथे थांबवा. आणि ती नको म्हणाली तर तो फोटो घरीच ठेवून दुसऱ्या कुणाचा दाखवा. शिकायला तोही चालतो.