गर्भाशयाला नक्की कोण धरून ठेवतं?

ताई, तुम्ही विचारलंय की पाचव्या महिन्यात कूस बदलताना जांघेत कळ येते, ती लिगामेंटची, म्हणजे अवयवाला जागेवर धरणाऱ्या पट्ट्याची, असं कोणीतरी सांगितलं, मग गर्भाशयाची पिशवी खाली तर सरकणार नाही ना. मी फिजिओथेरपिस्ट आहे, गरोदर आणि बाळंतीण बायकांसोबतच माझं काम, ही भीती मी नेहमी ऐकते.

कळ बहुतेक राऊंड लिगामेंटची आहे. ते पिशवीच्या वरच्या कोपऱ्यातून निघून जांघेतल्या अरुंद वाटेने पार योनीच्या बाहेरच्या ओठापर्यंत जातं, १०-१२ सेंमी लांब असतं, म्हणून शिंकलं किंवा झटकन वळलं की कळ जांघेत उतरते. पण वजन पेलणं हे त्याचं काम नाहीच, ते पिशवी पुढे झुकलेली ठेवायला मदत करतं एवढंच.

कॉलेजात डिसेक्शनला मी पुस्तकातल्या चित्रासारख्या दोऱ्या शोधत होते आणि पिशवीच्या दोन्ही बाजूंचं ब्रॉड लिगामेंट म्हणजे निघाला पोटाच्या अस्तराचा नुसता दुहेरी पडदा. खरा आधार खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी. तिथून कार्डिनल लिगामेंट दोन्ही बाजूंच्या भिंतींकडे जातं, तेही दोरी नाही, तंतू, रक्तवाहिन्या, नसा यांचा दाट गुंता आहे, आणि युटेरोसॅक्रल मागे माकडहाडाच्या वरच्या हाडाकडे. म्हणजे बांधलेलं असतं ते तोंड, वरचा भाग मोकळाच, आणि म्हणूनच एरवी ५०-६० ग्रॅमची पिशवी नऊ महिन्यांत जवळपास १ किलोची होऊन वर वाढू शकते. मला हे अजूनही फार सुंदर वाटतं.

आणि या सगळ्याच्या खाली पेल्विक फ्लोअरचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, रोजचा भार त्यांच्यावर. ते ढिले पडले की ताण लिगामेंटवर येतो, ती हळूहळू ताणत जातात आणि मग अंग बाहेर येतं. ताणलेलं लिगामेंट व्यायामाने घट्ट होत नाही पण स्नायू होतो, म्हणून डॉक्टरांना विचारून केगल, म्हणजे याच स्नायूंचा व्यायाम, आत्ताच सुरू करा, गॅस अडवतो तसं आत ओढायचं, पाच मोजायचे, पूर्ण सोडायचं, श्वास मात्र रोखायचा नाही.

कूस बदलताना आधी गुडघे जवळ घ्या, मग सावकाश वळा, कळ बरीच कमी होईल. पण ती थांबून थांबून ठरावीक वेळाने यायला लागली, रक्त किंवा पाणी गेलं, ताप आला किंवा लघवीला जळजळ झाली तर लिगामेंटचंच असेल म्हणून घरी बसू नका, लगेच डॉक्टरांकडे जा.