फारसी कादंबरीतली स्वप्नं वाचायचीत? मग आधी फारसी शिक

तुझं पत्र दोनदा वाचलं. टीवायबीए सायकॉलॉजीला आहेस, इराणी लेखक सादिक हिदायतची ‘बूफ-ए-कूर’ (आंधळं घुबड) ही कादंबरी इंग्रजीतून वाचलीस आणि तेव्हापासून आधुनिक फारसी कथा-कादंबऱ्यांतली स्वप्नं मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या नजरेनं उलगडायचीच असं डोक्यात बसलंय, आणि बाबा विचारतायत की ह्याचं पुढे करणार काय. बाबांच्या प्रश्नाकडे येतेच गं, पण तू लिहिलंयस ना, "भाषांतरं आहेत, फारसी नंतर बघू", तिथंच मला तुला अडवायचंय.

त्या पुस्तकातला माणूस कलमदानांवर एकच चित्र परत परत काढतो बघ, सरूच्या (सायप्रसच्या) झाडाखाली बसलेला म्हातारा, मधे पाण्याचा ओहोळ, पलीकडे काळ्या कपड्यातली मुलगी वाकून फूल देतेय. ते फूल मूळ फारसीत नीलूफर आहे. कॉस्टेलोच्या इंग्रजी भाषांतरात त्याचं मॉर्निंग ग्लोरी झालं, म्हणजे वेलीवरचं, दुपारपर्यंत कोमेजणारं फूल. पण फारसीत नीलूफर म्हणजे ही वेलही आणि पाण्यातलं कमळही, आणि शब्द तर आपल्या संस्कृत नीलोत्पलावरून तिकडे गेलेला! युंगची पद्धत म्हणजे प्रतीकाचे पुराणातले, धर्मातले, लोककथेतले भाऊबंद शोधत जायचं, मग वेल धरून निघालीस तर एकीकडे पोचशील आणि कमळ धरून निघालीस तर पार दुसरीकडे, आणि ही निवड भाषांतरकारानं तुला न विचारता करून टाकलेली असते.

त्यात तो म्हातारा हिंदुस्थानी योग्यासारखा दिसतो, निवेदकाची आई बुगाम दासी इथल्या देवळातली नर्तकी. हिदायत 1936-37 मध्ये मुंबईत होता, बेहरामगोर अंकलेसरिया या पारशी विद्वानाकडे पहलवी, म्हणजे इस्लामपूर्व काळातली जुनी फारसी, शिकत होता, आणि ह्या पुस्तकाच्या पहिल्या साधारण 50 प्रती त्यानं मुंबईतच काढल्या, इराणमध्ये विक्रीसाठी नाही असं लिहून. मुलगी म्हणजे युंगची अॅनिमा (पुरुषाच्या मनातली स्त्रीप्रतिमा), म्हातारा म्हणजे शॅडो (मनाची नाकारलेली, अंधारी बाजू) एवढं म्हणून थांबलीस तर हे सगळं हातातून निसटेल. आणि हिदायतनं 1951 मध्ये पॅरिसमध्ये आत्महत्या केली म्हणून कादंबरीला पेशंटची केस फाइल बनवू नकोस, साहित्यकृती म्हणजे आजार नव्हे असं खुद्द युंगनंच बजावलंय. पुढचं वाचन म्हणून गुलामहुसेन साएदी हा इराणी लेखक घे, तो स्वतः सायकियाट्रिस्ट होता, आणि गाय मेल्यावर स्वतःलाच गाय समजणारा त्याच्या कथेतला मश्दी हसन एकदा भेटला की सुटत नाही.

आता बाबांसाठी. साहित्यातली स्वप्नं वाचणं आणि पेशंटची स्वप्नं ऐकणं ह्या दोन वेगळ्या वाटा आहेत, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) मान्यता असलेला कोर्सच लागतो, फारसीची पदवी तिथं चालणार नाही. साहित्याची वाट धरलीस तर जेएनयूत बीएपासून फारसी आहे, दिल्ली विद्यापीठात आणि अलीगढलाही विभाग आहेत, नेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा, फारसीत देता येते. थेट एमएला जायचं तर भाषा आधी यायला हवी म्हणून क्लास ह्याच वर्षी लाव. नोकऱ्या थोड्या आहेत, हे बाबांपासून लपवू नकोस. पण पुण्यात मराठेशाहीच्या काळातले फारसी कागद आहेत, ते वाचू शकणारी माणसं कमी, फक्त त्यासाठी शिकस्ता ही भराभर, जोडून लिहायची लिपी वेगळी शिकावी लागेल.

सहा-आठ महिन्यांनी तो कलमदानाचा परिच्छेद मूळ फारसीतून वाच, डिक्शनरी घेऊन अडखळत का होईना, आणि नीलूफर तुला वेल वाटली की कमळ ते मला कळव.