मोजायचं मागून

दांडिया बाजारातलं जोडपं. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) ती 29 वर्षांची, तो 32. वर्षभर प्रयत्न चालू, आणि दर पाळीला घरात सुतक असल्यासारखी शांतता. प्रश्न नेहमीचाच: "मॅडम, दिवस धरून राहतो, तरी राहत का नाही?"

कोणते दिवस धरता, म्हटलं. ती गप्प. तो म्हणाला, "पाळी संपली की लगेचचा आठवडा. आमच्याकडे लॅब्रॅडॉर आहे ना, तिच्या डॉक्टरांनी सांगितलेलं, रक्त दिसल्यापासून नऊ-दहा दिवसांनी मेटिंग करवा. तेच धरलं."

मी हसले नाही. एकोणिसाव्या शतकातले डॉक्टरसुद्धा इथेच फसले होते. कुत्रीला रक्त जातं ते बीज सुटायच्या आधी, माजाच्या तयारीत. बाईची पाळी म्हणजे गर्भ राहिला नाही म्हणून गळून पडलेलं अस्तर. 1920च्या दशकात जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस यांनी वेगवेगळं काम करून हा घोळ सोडवला: बीज पुढच्या पाळीच्या साधारण 14 दिवस आधी सुटतं. म्हणजे मोजायचं मागून.

तिच्या मोबाइलमधल्या तारखा पाहिल्या. 34 दिवस, 36, 35. बीज सुटणार एकविसाव्या दिवसाच्या आसपास, आणि हे दोघं बाराव्या-तेराव्यालाच थांबत होते! शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत टिकतात, बीज मात्र जेमतेम एक दिवस. म्हणून सोळा ते एकवीस हे खरे दिवस. पाळी एक-दोन दिवस हलते, तेव्हा चौदा ते तेवीस, दिवसाआड. तारीख पाहून हुकमी संबंध नको, एवढं मात्र बजावलं.

मग ती हळूच म्हणाली, "त्याच सुमारास अंगावरून पांढरं जातं. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं, बोटांत ताणलं तरी तुटत नाही. सासूबाईंनी त्यावर चूर्ण दिलंय." खाज, वास, जळजळ? काहीच नाही. अहो, ती तर बीज सुटायची वेळ आल्याची शरीराची सूचना होती, आणि ही बिचारी दर महिन्याला त्यावर औषध घेत होती.

वर्ष उलटलंय, तेव्हा तपासण्याही करून घ्या, म्हटलं. "हिच्या?" "दोघांच्या. वीर्यतपासणी सगळ्यात सोपी, तुमची आधी."

तो खुर्चीत जरा मागे सरकला. दारापर्यंत गेल्यावर वळून विचारलंन, "सकाळी उपाशी यावं लागतं का?"

"नाही. फक्त आधी दोन ते सात दिवस संबंध नको."

त्याने तिथेच उभ्या उभ्या मोबाइलमध्ये तारीख टाकली.