अझिथ्रोमायसिनची तिसरी गोळी ठेवून देऊ का, आणि ती आईला चालेल का?

तुमचा प्रश्न असा: ताप-खोकल्यासाठी डॉक्टरांनी अझिथ्रोमायसिन ५०० च्या तीन गोळ्या दिल्या, दोन घेतल्यावर ताप उतरला. तिसरी ठेवून देऊ का? आईलाही तसाच खोकला आहे, तिला हृदयाच्या गोळ्या सुरू आहेत, तर उरलेली तिला दिली तर चालेल का?

आईचं आधी सांगतो. तिला देऊ नका. तिसरी गोळी तुमची आहे, रोजच्या वेळेला तुम्हीच घ्या.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधं देतो. मागच्या वर्षी सोयाबीनच्या सोंगणीत एक मुलगा आईला घेऊन आला. "भाऊ, मायले बी त्याच गोया द्या ना, मले दोन दिवसांत फरक पडला." आईला कोणत्या गोळ्या सुरू आहेत, विचारलं. त्यांनी लुगड्याच्या पदरातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत पाच-सहा पट्ट्या, सगळ्या कापलेल्या. एका पट्टीवर नावाची शेवटची दोनच अक्षरं उरली होती, "रोन". नागपूरचं डिस्चार्ज कार्ड सोबत होतं म्हणून कळलं, ती अमिओडॅरोन होती, हृदयाचे ठोके ताळ्यावर ठेवणारी गोळी. तिच्यावर अझिथ्रोमायसिन दिली, तर ठोक्यांची लय उलट धोकादायकपणे बिघडू शकते. डॉक्टरांनी त्यांना ग्रामीण रुग्णालयात पाठवून ईसीजी काढायला लावला आणि खोकल्याला दुसरं औषध दिलं. ती पिशवी घरी राहिली असती तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

हे भीती घालायला लिहीत नाही. अझिथ्रोमायसिन चांगलं औषध आहे. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्यांना, डांग्या खोकल्याला, काही प्रकारच्या न्यूमोनियाला ते उपयोगी पडतं. गरोदर बाईला स्क्रब टायफस (गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने येणारा ताप) झाला तर डॉक्टर बहुतेक हेच देतात. पण अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१३ साली याच गोळीबद्दल हृदयाच्या लयीचा इशारा दिला आहे. ज्यांची लय आधीच बिघडलेली आहे, रक्तात पोटॅशियम किंवा मॅग्नेशियम कमी आहे, ठोके फार मंद पडतात किंवा लयीची औषधं चालू आहेत, त्यांना धोका जास्त. हृदयाची डिजॉक्सिन किंवा रक्त पातळ करणारी वॉरफरिन सुरू असेल, तरी डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. याच कुळातल्या क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन तर कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशीही भांडतात.

आता तुमची तिसरी गोळी. लोक म्हणतात, ताप गेला म्हणजे जंतू मेले. ताप आधी उतरतो, सगळे जंतू मागाहून जातात. ही गोळी जंतूला लागणारी प्रथिनं बनवणं थांबवते आणि शरीराच्या पेशींत साठून राहते. रक्तातलं तिचं प्रमाण निम्मं व्हायला जवळजवळ तीन दिवस लागतात, म्हणूनच तीन दिवसांचा कोर्स पुढेही काम करत राहतो. एक दिवस विसरलात तर आठवल्यावर घ्या, दोन एकदम घेऊ नका. पोट बिघडत असेल तर जेवणासोबत घ्या. आम्लपित्ताचं पांढरं पातळ औषध घेत असाल तर दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही. अंगावर पुरळ, तोंड किंवा ओठ सुजणं, डोळे पिवळे होणं, छातीत धडधड, चक्कर येऊन पडणं, रक्ताचे किंवा थांबतच नसलेले पातळ जुलाब, यातलं काहीही झालं तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठा. श्वास लागला किंवा शुद्ध हरपली तर १०८ ला फोन करा.

आणि ठेवून दिलेली गोळी पुढच्या तापाला कामी येत नाही. पुढचा ताप बहुतेक विषाणूचा असतो, त्यावर ही गोळी काहीच करत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात शेतात, गवतात वावरणाऱ्यांना स्क्रब टायफस होतो, २०१८ साली नागपूर आणि विदर्भाने तो भोगला आहे. काखेत, कमरेला, जांघेत किडा चावल्याची काळी खपली शोधा. ताप, डोकेदुखी आणि अशी खपली दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. त्याचं पहिलं औषध साधारणपणे डॉक्सिसायक्लिन, तीही डॉक्टरांनीच द्यायची. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर टीबीसाठी बेडका तपासून घ्या, सरकारी केंद्रात ही तपासणी फुकट होते. ताप परत चढला तर दुसरं पाकीट आणू नका, तपासायला या.

मेडिकलमध्ये पट्टीमागे लाल रेषा दिसते. तिचा अर्थ असा की ही गोळी चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. पट्टी कापून देत असतील तर नाव आणि मुदतीची तारीख असलेला भाग मागून घ्या, नाहीतर पाकिटावर पेनने लिहून घ्या. ह्याची लाज वाटू देऊ नका.

आईला उद्या सकाळीच नेऊन दाखवा. तिच्या सगळ्या गोळ्या, जुनं कार्ड आणि शेवटचा ईसीजी असेल तर तोही घ्या, आणि तिथे पहिलंच वाक्य असं बोला: हिला हृदयाच्या गोळ्या सुरू आहेत.