पेन्सिली दोन आण

प्रिय बाळा,

तुझा रात्री साडेअकराचा मेसेज सकाळी चहासोबत वाचला. आमच्या हौशी ऑर्केस्ट्रात तुला ऑडिशनशिवाय घेतलं, दुसऱ्या व्हायोलिनच्या गटात शेवटच्या रांगेत बसवलं आणि पहिल्याच तालमीत अमेरिकन संगीतकार कोपलंडच्या रचनेनं लोळवलं. हसू आलं, रागावू नकोस. वीस वर्षांपूर्वी मीही त्याच हॉलमधून रडवेली होऊन घरी गेले होते.

तू पुण्यात गुरुजींसमोर मांडी घालून वाजवत मोठी झालीस. झपताल असो की एकताल, चुकलं तरी सम परत येणार हा भरवसा तुझ्या हातात मुरलेला आहे. कोपलंडच्या त्या ‘ॲपलेशियन स्प्रिंग’च्या जलद भागात तो सोडावा लागतो. बारच्या, म्हणजे उभ्या रेघांमधल्या एकेका गटाच्या, मात्रा मध्येच बदलतात, आवर्तन नाही, म्हणजे वाट बघायला समच नाही. तेव्हा हरवलीस की पानावर स्वर शोधत धावू नकोस. बो (गज) उचल, कंडक्टरचा वरून खाली येणारा पहिला ठोका पकड आणि पुढच्या चौकटीतल्या आकड्यापाशी आत शीर. ते आकडे छापलेले असतात ते तुझ्यामाझ्यासारख्यांसाठीच. दहा जणांत तुझे चार स्वर गळले तर कुणाला पत्ता लागत नाही. पण सगळे थांबलेले असताना एकटी वाजलीस, तर बाहेर गाडी लावणाऱ्यालाही कळतं. म्हणून आधी मोजायला शीक, बोटं मागाहून येतील.

एक गृहपाठ देते. नृत्यांगना मार्था ग्रॅहमच्या नृत्यासाठी १९४४ मध्ये हे संगीत आलं तेव्हा ते फक्त १३ वाद्यांसाठी होतं, कारण वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या सभागृहात वादकांना जागाच तेवढी. आपण वाजवतो तो मोठ्या ऑर्केस्ट्राचा स्वीट (त्याच संगीतातून बांधलेली मैफलीची रचना) त्यानंतरचा. ती १३ वाद्यांची आवृत्ती तुझा पार्ट, म्हणजे तुझ्या ओळीची पानं, समोर ठेवून ऐक. त्यात व्हायोलिन चारच आहेत, त्यामुळे तुझी ओळ कुणाला उत्तर देते ते लख्ख ऐकू येतं. (नाव ग्रॅहमबाईंनी एका कवितेतून उचललं, तेही संगीत लिहून झाल्यावर, कोपलंडच्या लेखी ते ‘मार्थासाठी बॅले’ होतं. तरी आमचे हॉर्नवाले काका दर वेळी सांगतात, यात ॲपलेशियनचे डोंगर दिसतात. तुला नाही दिसले तर घाबरू नकोस.)

मग क्लॅरिनेटवर ती शेकर या ख्रिस्ती पंथाची धून येते, १८४८ ची, जोसेफ ब्रॅकेटची. इथल्या अमेरिकन श्रोत्यांना ती आपल्या आरतीसारखी पाठ असते. तुझा हात तिथे मींड घ्यायला, स्वरावरून स्वरावर घसरत जायला बघेल. घेऊ नकोस. ती धून सरळ उभी राहते यातच तिची गंमत आहे. मींड मोडू मात्र नकोस, रविवारी मला यमन ऐकवायचा आहेस.

सॅम्युएल बार्बरच्या ‘अडाजिओ’ या संथ रचनेत एवढंच सांभाळ: लांब स्वरावर शेजारणीसोबत बो बदलू नकोस, तिच्या आधी किंवा नंतर बदल. दोघींनी एकदम बदलला की सांधा ऐकू येतो.

‘आपण काय, ऑफिस करून वाजवणारे’ असं लिहिलंस ते मला खटकलं. संगीतकार चार्ल्स आइव्ह्जचा न्यूयॉर्कमध्ये विम्याचा धंदा होता. संगीत संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी. त्याच्या तिसऱ्या सिम्फनीला १९४७ मध्ये पुलित्झर मिळालं, लिहून झाल्यावर कित्येक वर्षांनी. आपल्याला पुलित्झर मिळणार नाही हे उघड आहे, पण ऑफिसची सबब माझ्यासमोर चालणार नाही.

आणि म्यूट, म्हणजे आवाज मऊ करायला तारांपाशी लावायचा तो छोटा तुकडा. कोपलंडच्या रचनेच्या शेवटाकडे सगळ्या तारवाद्यांना म्यूट लावून प्रार्थनेसारखं हळू वाजवायचं असतं. पहिल्या कॉन्सर्टला माझं सुटं म्यूट तिथेच निसटलं आणि लाकडी मंचावर टप्पे खात थेट चेलोंपर्यंत गेलं. अख्ख्या सभागृहानं ते ऐकलं. तू तारांवरच अडकून राहणारं रबरी घे, दोन-चार डॉलरला मिळतं.

मंगळवारी तालीम साडेसातला आहे, तू सातला ये. खुर्च्या मांडायला माणसं कमी पडतात. तू आतल्या बाजूला, प्रेक्षकांपासून लांबच्या खुर्चीत बसतेस, म्हणजे पान तू उलटायचं. पेन्सिली दोन आण, तुझ्या स्टँड पार्टनरकडे, म्हणजे त्याच पानावरून वाजवणाऱ्या शेजारणीकडे, कधीच नसते.

तुझी,
व्हायोलावाली मावशी