पोर्शचा पीडीके गिअरबॉक्स सांगलीत सांभाळता येईल का? बिघडला तर खर्च किती?

तुमचा प्रश्न असा आहे: २०१४ ची पोर्श केमन, पीडीके म्हणजे पोर्शचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, रनिंग कमी, किंमत ६० लाखांच्या आसपास. राहायला सांगलीत. आणि मित्रांनी सांगितलंय की गिअरबॉक्स गेला तर वीस लाखांना खड्डा.

मी साताऱ्यात ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं काम करतो. रोजचं काम डीएसजी (फोक्सवॅगन-स्कोडाचा दोन क्लचचा गिअरबॉक्स) आणि टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (क्लचऐवजी तेलातून ताकद पुढे देणाऱ्या) गाड्यांचं असतं, पण पुणे ते कोल्हापूर पट्ट्यातल्या अशा भारी गाड्याही अधूनमधून येतात. मित्रांनी सांगितलेला आकडा खोटा नाही. फक्त तो कशाचा आकडा आहे हे त्यांना ठाऊक नसावं.

पीडीके हा झेडएफ कंपनी पोर्शसाठी बनवते. १९८० च्या दशकात पोर्शने ही पद्धत ९५६ आणि ९६२ या रेसिंगच्या गाड्यांत वापरून पाहिली आणि २००८ मध्ये ती रस्त्यावरच्या ९११ मध्ये आणली. आत तेलात बुडालेले दोन क्लच असतात, एकावर विषम गिअर, दुसऱ्यावर सम. यातले दात किंवा शाफ्ट तुटणं फारच विरळा. बिघडतं ते बारीकसारीक: शिफ्टर फोर्क (गिअर सरकवणारा काटा) कुठे आहे हे सांगणारा सेन्सर, सोलेनॉइड (तेलाचा प्रवाह उघडबंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह), सील. सेन्सर महाग नसतो, पण तो आत असतो. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवून खोलावा लागतो, आणि बराच काळ कंपनीचा शिरस्ता आतलं काही न विकता आख्खा गिअरबॉक्सच बदलण्याचा होता. नवा गिअरबॉक्स, आयात शुल्क, जीएसटी आणि मजुरी धरली की पंधरा-वीस लाख सहज ओलांडतात. सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, त्याआधी बहुतेक भागांवर २८ होता. तेवढाच दिलासा.

आता बाहेरच्या उत्पादकांचे सेन्सर आणि सील किट मिळतात. हात बसलेला फिटर असेल तर तेच काम माझ्या अंदाजाने तीन ते पाच लाखांत होतं. म्हणून गाडी घेण्याआधी फक्त 'हा गिअरबॉक्स टिकतो का' एवढंच विचारू नका. 'हा खोलणारा माणूस मला कुठे मिळेल' हेही शोधा. पुण्या-मुंबईत मिळतील. सांगलीत तुम्हाला स्कॅन आणि ऑइल करून देणारे मिळतील, पीडीके खोलणारा मिळणं कठीण. गाडी न्यायची वेळ आली तर फ्लॅटबेडवरच न्या, चाकं जमिनीवर ठेवून ओढू देऊ नका. आणि टो व्हॅनवाल्याला लाकडी फळ्या आणायला आधीच सांगा, नाहीतर पुढचा बंपर रॅम्पला घासतो.

दुसरी एखादी गाडी बघणार असाल तर बोनेटवरचा बिल्ला बाजूला ठेवा आणि गिअरबॉक्सची जात बघा. एकाच क्लचवर चालणारे जुने ऑटोमेटेड गिअरबॉक्स, म्हणजे १९९७ च्या फेरारी ३५५ एफ-वन पासूनचे, लॅम्बोर्गिनी गॅलार्डोचा ई-गिअर, सुरुवातीच्या ऑडी आर-एटचा आर-ट्रॉनिक, यांत क्लच हा झिजायचाच माल आहे. ट्रॅफिकमध्ये तो भराभर संपतो. किती उरलाय ते स्कॅनरवर दिसतं, तो आकडा पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. फेरारी २००८ च्या कॅलिफोर्नियापासून गेट्राग या गिअरबॉक्स कंपनीच्या दोन क्लचवर गेली. क्लच जास्त टिकू लागले, पण सेन्सर आणि सीलची कथा पीडीकेसारखीच, बिल मात्र त्याहून मोठं.

माझं मन बसलंय ते झेडएफच्या आठ गिअरच्या टॉर्क कन्व्हर्टरवर. बीएमडब्ल्यूने एफ-नव्वद पिढीच्या एम-फाइव्हमध्ये दोन क्लच सोडून तोच घेतला. जॅग्वार एफ-टाइप आणि ॲस्टन मार्टिन डीबी-इलेव्हनमध्येही तोच. साध्या बीएमडब्ल्यूंतही असल्यामुळे पार्ट आणि जाणकार दोन्ही मिळतात. गाडी बनवणाऱ्या कंपन्या 'लाइफटाइम ऑइल' म्हणतात, पण खुद्द झेडएफ ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला ऑइल बदला म्हणते. मी झेडएफचं ऐकतो.

आपल्या भागात दोन गोष्टी गिअरबॉक्सचा घात करतात. पहिली घाट. खंबाटकीत किंवा पसरणीत गाड्या तुंबल्या की लोक ब्रेक सोडून ॲक्सिलरेटरवर गाडी चढावाला तोलून धरतात. दोन क्लचच्या गाडीत हे हाफ क्लचवर गाडी उभी करण्यासारखंच आहे, क्लच आतल्या आत तापत राहतो. पुढे गाडीभर जागा होऊ द्या, मग एका दमात जा.

दुसरी कृष्णेचा पूर. पाणी ब्रीदरमधून (गिअरबॉक्सच्या हवा जाण्याच्या नळीतून) आत शिरतं. क्लचचं अस्तर गोंदाने चिकटवलेलं असतं, पाण्याने ते सुटतं, आणि ऑइल दुधासारखं पांढरट होतं. पुरातून निघालेला असा एक गिअरबॉक्स मी खोललाय. बाहेरून गाडी शोरूममधून आणल्यासारखी, आत प्लेटांवर अस्तरच उरलं नव्हतं. म्हणून गाडी सांगली-कोल्हापूरकडची असेल तर ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये ती कुठे उभी होती हे विचाराच, आणि इन्शुरन्स क्लेमचा इतिहास मागवा.

कमी रनिंगवर भाळू नका. वर्षानुवर्षं उभ्या गाडीचे सील कडक होतात. बॅटरी उतरलेली असली तरी स्क्रीनवर गिअरबॉक्सचा फॉल्ट येतो, आणि अशा वेळी घाबरून लाखांचं एस्टिमेट मान्य करणारे लोक मी पाहिलेत. आधी बॅटरी तपासा, फॉल्ट पुसा, पुन्हा चालवून बघा.

केमन बघायला जाल तेव्हा आधी ती चांगली तापेपर्यंत चालवा, मग रिव्हर्स आणि ड्राइव्ह आलटून पालटून टाकून बघा. झटका बसला किंवा उशीर लागला तर थांबा. पोर्शच्या पिविस स्कॅनरवर जुने फॉल्ट वाचून घ्या. क्लचचं ऑइल आणि गिअरचं ऑइल वेगवेगळं असतं, दोन्ही कधी बदलली त्याची बिलं मागा. चेसिस नंबर देऊन कंपनीची वाढीव वॉरंटी मिळते का विचारा, मिळत असेल तर घ्याच. नसेल तर पाच लाख बाजूला ठेवूनच किमतीचं बोला. आणि विकणारा स्कॅन करू देत नसेल तर ती गाडी सोडा, दुसरी मिळेल.